आयुष्यात ठसा उमटवायचा असेल तर

आयुष्यात आपला ठसा उमटवा, असं शाळेत बाई सांगायच्या. कुठे उमटवायचा, ते सांगायचं राहून गेलं. रेशनच्या दुकानात तुम्ही प्रयत्न करून पाहिलाच असेल. आधी अंगठा, मग त्याच्या शेजारचं बोट, मग दुसरा हात. "केसांवरून फिरवा जरा, तेलानं उठतं," असं दुकानदार सांगतो, तेही करून झालं. चाळीस वर्षं भांडी घासलेल्या मावशींच्या बोटांवर रेषा उरल्या असतील तर उठणार ना! "थंब येत नाही, उद्या या."

उद्या कशाला? थेट पोलीस ठाणं गाठा. तिथे तुमच्या शरीराची कदर आहे.

कैद्यांची ओळख नोंदवण्याचा 1920 चा इंग्रजांचा कायदा फारच कंजूष होता. बोटांचे ठसे, पावलांचे ठसे, मोजमापं, फोटो, की झालं. त्यातही नुसती अटक पुरायची नाही. गुन्हा निदान वर्षभराच्या सक्तमजुरीचा लागायचा. 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानं ही गैरसोय दूर केली. आता कुठल्याही गुन्ह्यात अटक झाली की तळहात, बुबुळं, डोळ्यांचे पडदे, सही, हस्ताक्षर, शिवाय 'शारीरिक व जैविक नमुने', सगळं द्यायला तुम्ही पात्र. तेव्हा अटकेला जाताना अक्षर सुधारून जा. आणि नाही म्हणू नका, तो सरकारी कामात अडथळा ठरतो. सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि तो स्त्री किंवा बालकाविरुद्धचा नसेल, तर जैविक नमुने नाकारता येतात म्हणे. फक्त कोठडीत उभं असताना ते पोटकलम आठवायला हवं.

नोंद राहते 75 वर्षं. अठराव्या वर्षी एखाद्या मोर्चात उचलले गेलात, तर त्र्याण्णवाव्या वाढदिवसापर्यंत दिल्लीत कुणीतरी तुमची आठवण जपून ठेवणार. सातबाऱ्यावर नाव चढवायला जिथे जन्म जातो, तिथे हे काम एका दुपारात होतं. अजून काय पाहिजे?

या शास्त्रात आपण पहिल्यापासून पुढे आहोत, हेही चारचौघांत सांगत जा. 1897 मध्ये कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली. ठशांचं वर्गीकरण बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन फौजदारांनी डोकं झिजवलं. पद्धतीला नाव मिळालं त्यांच्या इंग्रज साहेबांचं, एडवर्ड हेन्रींचं. ज्यांचं काम माणूस ओळखणं, त्यांना आपल्याच कचेरीतली दोन माणसं ओळखता आली नाहीत.

चेहरा ओळखणाऱ्या यंत्राचं म्हणाल तर थोडा अभ्यास लागेल. दिल्ली पोलिसांनी माहितीच्या अधिकारात सांगितलंय की 80 टक्क्यांच्या वर जुळलं तर चेहरा जुळला असं धरतात. ऐंशीला आपण पेढे वाटतो, ते तपास सुरू करतात. खाली आलात तरी नापास समजू नका, इतर पुरावे शोधायला ते मोकळे असतात, एटीकेटी म्हणा. याच पोलिसांनी 2018 मध्ये उच्च न्यायालयात सांगितलं होतं की हरवलेली मुलं शोधणाऱ्या त्यांच्या यंत्रणेची अचूकता 2 टक्के आहे. म्हणजे मूल हरवलं तर तक्रार देत बसू नका. त्याला एखाद्या आंदोलनाला पाठवा, लगेच सापडेल.

एवढं करूनही यंत्र चुकलंच, तर अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या पोलिसांनी यंत्राच्या भरवशावर पकडलेल्या रॉबर्ट विल्यम्स या गृहस्थासारखं शांत राहा. 2020 च्या जानेवारीत घड्याळांच्या चोरीसाठी त्याला घराच्या अंगणातून, बायको-मुलींसमोर नेलं. पोलिसांनी दुकानातल्या चोराचा फोटो पुढे सरकवला, तसा त्यानं तो उचलून स्वतःच्या गालाशी धरला. हा मी दिसतो का? आरशातही होईल असं साधं काम, पण सुटायला सुमारे तीस तास लागले. म्हणून आपला चेहरा नेहमी सोबत बाळगा.

निर्दोष सुटलात, आधी कधी शिक्षा झालेली नसली, तर नोंद नष्ट करण्याचीही सोय आहे. अपिलं वगैरे सगळे मार्ग संपले की झालं, न्यायालयानं कारण देऊन 'राहू द्या' म्हटलं नाही म्हणजे. तेव्हा आयुष्य बेतानं खर्च करा. आणि नोंद खोडायला गेल्यावर खिडकीमागच्या साहेबांनी ओळख पटवायला अंगठा मागितला, तर आधी केसांवरून फिरवून घ्या.