गाणं काढायचं म्हणताय? आधी सोयाबीन काढा

गाणं काढायचं पक्कं झालंय ना? मग आधी सोयाबीन काढा. पुण्याच्या डायरेक्टरनं दीड लाख सांगितलेत. २०२५-२६चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे अठ्ठावीस क्विंटल आणि वर थोडं. तेही हमीभाव मिळाला तर. वडिलांना फक्त 'इन्व्हेस्टमेंट' आहे एवढंच सांगा. या शब्दाचा मराठी अर्थ सांगत बसू नका, अर्थ कळला की ते पायातलं काढतात.

शब्द कुणीही लिहील. पथ्य एकच, आपल्या मराठवाड्यातला एकही शब्द त्यात येता कामा नये. 'काय करायलीस' असं तुम्ही घरात रोज बोलता, बोला. पण गाण्यात आलं की ते गावंढळ होतं. गाण्यात कोल्हापूरचा नाद, पुण्याचं पिल्लू आणि पंजाबातून आलेली गाडी असावी. संत एकनाथांनी पैठणला बसून भारुडं लिहिली, तीही बाजारातल्या बोलीत, हे खरं आहे. पण त्यांना डायरेक्टर नव्हता.

गळ्याची काळजी करू नका, बेसूर गळा सुरात आणणारं ऑटोट्यून नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते काढणारा अँडी हिल्डेब्रँड हा मूळचा तेलाच्या धंद्यातला. जमिनीत हादरे द्यायचे आणि परत येणाऱ्या लाटांच्या गणितावरून खाली तेल कुठं आहे ते हुडकायचं, हे त्याचं काम. तसलंच गणित त्यानं माणसाच्या गळ्याला लावलं आणि १९९७ साली बाजारात आणलं. आता बघा, तुमच्या रानात तीन बोअर कोरडे गेले. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला, तिथंही नुसता फुफाटा निघाला. पण स्टुडिओत तुमच्या गळ्याखाली तासाभरात सूर सापडतो, आणि जिथं नव्हताच तिथं सापडतो. (रेकॉर्डिंगवाला 'दादा, जरा फील घेऊन' म्हणाला, तर तो सूर लागत नसल्याचा सभ्य निरोप समजावा.)

व्हिडिओसाठी दौलताबादच्या किल्ल्यावर नाहीतर बीबी का मकबऱ्यावर ड्रोन उडवायची हुक्की येईल. आवरा. दोन्ही पुरातत्त्व खात्याकडं आहेत. विनापरवाना उडवलात तर गाण्याआधी गुन्हा रिलीज होईल. त्यापेक्षा चुलत्याचा ऊस बरा. थार मागून आणा. मालक थार देतो, पण स्टेअरिंग सोडत नाही, तेव्हा त्यालाच हिरोचा मित्र करून टाका. रान उन्हानं करपलेलं दिसलं तरी घाबरू नका. कॅनॉलच्या टेलला जे पाणी पोचत नाही, ते कलर ग्रेडिंगवाला तीन क्लिकमध्ये पोचवतो.

शूटिंगला चुलत्याला मात्र लांब ठेवा. ठेवलं नाही तर काय होतं? तुम्ही स्लो मोशनमध्ये गॉगल काढत असता, हिरॉईन ओढणी उडवत असते, आणि बांधावरून हाक येते, "आरं लाईट आली! मोटार लावायची सोडून कुटं नाचायलाव?" आवाज नंतर काढून टाकता येतो. पण पडद्यामागचे सीन टिपायला उभा केलेला तुमचा मित्र मोबाईलवर सगळं घेत असतो, आणि त्याला काही काढून टाकायची सवय नाही.

गाणं आलं की पहिल्या रात्री झोपू नका. मित्र 'कडक भावा' लिहितील आणि खाली आगीचे गोळे टाकतील. त्यातल्या निम्म्यांनी गाणं उघडलेलं नसेल. यूट्यूबच्या जाहिरातीतून पैसा यायचा तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तास बघणं लागतं. चार मिनिटांचं गाणं शेवटपर्यंत बघणारे असतील तर ६० हजार वेळा भागतं. चाळीस सेकंदांत उठणारे असतील तर ३ लाख ६० हजार. आपल्याकडचे कुठले, ते तुम्हीच ओळखा. नापसंतीचा आकडा यूट्यूबनं नोव्हेंबर २०२१पासून झाकलाय. पारावर तशी सोय अजून झालेली नाही.

आणि आठव्या दिवशी लग्नाच्या वरातीत डीजेवर तुमचा नाही, चुलत्याचा आवाज वाजेल. 'कुटं नाचायलाव, कुटं नाचायलाव', खाली तुमचाच बीट. मित्रानं ती क्लिप रील म्हणून टाकलेली असते. नवरदेव घोड्यावरून उतरून नाचेल. लहान पोरं तुम्हाला बघून मोटार लावायची आठवण करून देतील. अशा वेळी रागावू नये, हसून 'ते आपलंच गाणं आहे' म्हणावं. कुणाला पटणार नाही, पण म्हणावं.

दुसऱ्या गाण्यासाठी डायरेक्टरचा फोन येईलच. या वेळी त्याला हिरो म्हणून तुम्ही नको असता, चुलता हवा असतो. विचारून बघा. पण त्यांची तारीख मिळणं अवघड आहे, या आठवड्यात मोटारीची थ्री फेज लाईट रात्रीची आहे.