‘ॲनॉनिमस’ म्हणजे चोर नव्हे

‘गूगलच्या आधी इंटरनेटवर शोधायची सोयच नव्हती. हॅकर लोक ॲनॉनिमस नावाने दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरात घुसून फायली पळवायचे. सगळं तंत्र अमेरिकी लष्कराचं गुपित होतं.’ हा मेसेज परवा भाच्याला आला आणि त्याने आईलाच विचारलं, “तूसुद्धा असंच करायचीस?” ताईने १९९३ साली संस्थेच्या एर्नेट (भारतातल्या शिक्षण-संशोधन संस्थांचं नेटवर्क) जोडणीवरून अशाच फायली उतरवून अभ्यास केला होता. तिचा पडलेला चेहरा पाहून मला राहवलं नाही.

आधी चोरीचं बोलू. ज्याला आपल्या फायली सर्वांना द्यायच्या असत, तो सर्व्हरवाला स्वतःच ॲनॉनिमस खातं सुरू करायचा. दार त्यानेच उघडं ठेवलेलं! नावाच्या जागी ‘ॲनॉनिमस’ लिहायचं आणि पासवर्डच्या जागी ‘गेस्ट’ किंवा स्वतःचा ईमेल पत्ता. स्वतःचा पत्ता लिहून ठेवून कोण चोरी करतं? इंटरनेटच्या तंत्राबद्दलच्या क्रमांकित जाहीर टिपणांना आरएफसी म्हणतात; मेसेज लिहिणाऱ्याने त्यातलं आरएफसी १६३५ वाचावं. ॲनॉनिमस एफटीपी (एफटीपी म्हणजे नेटवर्कवरून फायली पाठवायची-उतरवायची पद्धत) कसं वापरायचं, हे नवख्यांना समजावणारं ते मे १९९४ चं जाहीर टिपण आहे. चोरीची अशी माहितीपुस्तिका कुणी काढत नाही. काही सर्व्हरांवर लोक चोरीची सॉफ्टवेअर आणून टाकत, हे खरं. त्यावरून ताईला चोर ठरवता येत नाही.

त्या टिपणाच्या तीन लेखकांपैकी ॲलन एमटाज आणि पीटर डॉइच हे दोघे ‘आर्ची’ या शोधयंत्रणेचे कर्ते. म्हणजे शोधाचा मुद्दाही तिथेच निकालात निघतो. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातलं आर्ची १९९० सालचं, गूगल कंपनी १९९८ ची. जगभरच्या एफटीपी सर्व्हरांवरच्या फायलींच्या याद्या आर्ची गोळा करून ठेवायचं. टेलनेटने (दूरच्या कॉम्प्युटरशी जोडून घ्यायची सोय) आत जायचं, ‘प्रॉग’ लिहून फायलीचं नाव द्यायचं, की कुठल्या सर्व्हरवर, कुठल्या डिरेक्टरीत ती आहे ते पडद्यावर यायचं. मग एफटीपी लावून, ‘बायनरी’ (फाइल जशीच्या तशी यावी) म्हणून, ‘गेट’ (उतरव). ‘बायनरी’ विसरलं तर झिप फाइल बिघडून यायची आणि सगळं पुन्हा करावं लागायचं. शोध फक्त नावांचा, आतल्या मजकुराचा नाही, एवढं मान्य करतो.

लष्कराचं म्हणाल तर इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटला पैसा अमेरिकी संरक्षण खात्याचा होता. पण एफटीपीचा पहिला मसुदा, आरएफसी ११४, एप्रिल १९७१ मध्ये उघडपणे मांडला गेला. तो लिहिणारे अभय भूषण आयआयटी कानपूरमधून शिकून एमआयटीत गेलेले. यात गुपित कसलं?

भाच्याला मी दोन्ही आरएफसी पाठवली आहेत. आता त्याने ताईची माफी मागावी, आणि ज्याने मेसेज पाठवला त्यालाही ती पाठवावीत.