मुक्या जनावरांना बर्फात का नेलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका,

तुम्ही स्वतःची ओळख ‘सह्याद्रीत केस पांढरे केलेला माणूस’ अशी करून दिलीत, म्हणून काका म्हणते. उत्तर वेल्समधल्या कार्नेदायच्या बर्फातल्या ट्रेकवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणालात की आपल्या हौसेपायी मुक्या जनावरांना बर्फात नेणं ही क्रूरता आहे. ‘आपल्या गडांवर कुत्रं आपणहून पुढे चालतं, तुम्ही मात्र दोरीला बांधून नेलंत. काही बरंवाईट झालं असतं तर तुम्हाला उतरवायला दुसऱ्यांनी जीव धोक्यात घालायचा का? पुढच्या वेळी कुत्र्यांना घरी ठेवा.’ प्रतिक्रिया कडक आहे, पण तळमळीने लिहिलेली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते.

आधी दोरीबद्दल, कारण सगळ्यात जास्त राग तुम्हाला तिचाच आलेला दिसतो. नेल ही आमच्याबरोबरच्या दोन कुत्र्यांपैकी एक, माझ्या मैत्रिणीची बॉर्डर कॉली. तिच्या छातीच्या पट्ट्याला दोरी होती आणि दुसरं टोक मैत्रिणीच्या कमरेला. ती दोरी मेंढ्यांसाठी होती. कार्नेदायचा डोंगर फोटोत निर्मनुष्य दिसतो, पण तो चराऊ डोंगर आहे. खालच्या शेतकऱ्यांच्या मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या तिथे चरतात. हिवाळ्यात बऱ्याचशा खाली आणतात, तरी सगळ्याच येत नाहीत. वेल्सच्या डोंगरी मेंढ्या साधारण एप्रिलमध्ये वितात, म्हणजे जानेवारीत त्या गाभण असतात. कुत्रं नुसतं मागे लागलं, चावलं नाही, तरी धास्तीने गर्भ पडू शकतो. शेतकऱ्याचं वर्षाचं उत्पन्न त्या कोकरांवर असतं. म्हणून २००० सालच्या कायद्याने मोकळ्या डोंगरावर फिरण्याचा हक्क सगळ्यांना दिला, तेव्हाच पाळीव जनावरांजवळ कुत्रा दोन मीटरच्या आखूड दोरीवरच हवा, ही अट घातली, आणि ती बारा महिने लागू आहे. मेंढ्यांना सतावणं हा तर १९५३ पासून कुत्र्याच्या मालकावरचा गुन्हा आहे. काही परिस्थितीत शेतकऱ्याने अशा कुत्र्याला गोळी घातली तरी कायदा शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहतो.

त्याच डोंगरावर अर्धरानटी घोड्यांचे कळपही राहतात. २०१३ च्या मार्चमधल्या बर्फात त्यातले बरेच दगावले. भर थंडीत चरून मिळतं ते थोडं, आणि कुत्र्यामुळे उधळायला लागलं तर तेवढीही ताकद वाया जाते. मुक्या जनावरांचा विचार करायचा तर आधी या मेंढ्यांचा आणि घोड्यांचा करावा लागतो. आमच्या कुत्र्यांकडे बघायला आम्ही चौघं होतो.

गडावरच्या कुत्र्यांबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मला मनापासून पटतं. पायथ्याच्या वाडीतलं कुत्रं उठतं, पुढे चालू लागतं, फाटा चुकला की थांबून मागे बघतं. पण ते कुत्रं त्या डोंगरावर वाढलेलं असतं. कुठली धार कुठे संपते हे त्याला माहीत असतं. नेलला कार्नेदाय माहीत नाही. बर्फात तर कुठल्याच कुत्र्याला कळत नाही की वाऱ्याने कड्याच्या काठावर बर्फाचा सज्जा बांधला आहे आणि त्याच्याखाली पोकळी आहे. वर सपाट पांढरं दिसतं, कुत्रं धावत जातं, आणि सज्जा खाली येतो. वाट नेलच्या ओळखीची नाही, तोवर ठरवण्याची जबाबदारी माझ्या मैत्रिणीची. दोरी कमरेला बांधून तिने ती जबाबदारी घेतली, असं मी मानते.

आता थंडी. कुत्र्याच्या पंजात गरम रक्त नेणाऱ्या आणि थंड रक्त परत आणणाऱ्या वाहिन्या अगदी चिकटून असतात. खाली जाणारं रक्त वर येणाऱ्या रक्ताला वाटेतच ऊब देतं, म्हणून पंजा बर्फावर असूनही शरीर गार पडत नाही. शिवाय कॉलीला केसांचे दोन थर असतात. पण हे सगळ्या कुत्र्यांना लागू नाही. पातळ केसांचं, लहान चणीचं, पिल्लू किंवा म्हातारं कुत्रं असेल तर त्याला बर्फात न्यायला माझाही तुमच्याइतकाच विरोध आहे. आणि दणकट कुत्र्यालाही त्रास होतोच. बोटांमधल्या केसांत बर्फाच्या गोळ्या धरतात आणि ते लंगडू लागतं. म्हणून आदल्या दिवशी ते केस कापले, पंजांना मेण लावलं, आणि चालताना थांबून थांबून गोळ्या काढल्या. कुत्रं मागे पडू लागलं, एक पाय उचलून धरू लागलं, वाटेत बसकण मारू लागलं, तर ते बोलतंच आहे. जोडीदार ट्रेकर ‘मी ठीक आहे’ म्हणून खोटं सांगतो, कुत्रं सांगत नाही.

वाट निवडली तीही कुत्र्यांकडे बघूनच. बुल्ख अ देवाएन ही जुनी खिंड, दोन उभ्या पाषाणांची. रोमन रस्ता तिच्यातून जात असे. गाडी तिथे सुमारे ४०० मीटरपर्यंत जाते. तिथून वोएल-व्रास या शिखरापर्यंतची धार गोलाकार, गवताळ, आणि बराच वेळ कुंपणाच्या सोबतीने जाणारी. धुकं आलं तरी हाताला खूण राहते. आमचा विचार ९४२ मीटरच्या वोएल-व्रासवरून पुढे कार्नेद ग्वेनलिअन आणि वोएल ग्राखपर्यंत जाण्याचा होता. वोएल ग्राखच्या माथ्याखाली आडोशाला दगडी खोली आहे, डबा तिथे खायचा होता.

गेलो नाही. माथ्यावर उणे ४ तापमान आणि ताशी ६०-६५ किलोमीटरचा वारा असेल, असा हवामान खात्याचा अंदाज होता. असा वारा उघड्या अंगाला उणे १४-१५ सारखा लागतो. वोएल-व्रासच्या भिंतीमागे थांबलो तेव्हा दुसरं कुत्रं, आमचा लॅब्राडोर, पाठ वाऱ्याला करून उभा राहिला आणि पुढच्या दिशेला वळेचना. दुपारचा एक वाजला होता. जानेवारीच्या मध्यावर तिथे साडेचारच्या आत सूर्य मावळतो. चर्चा करायची गरजच पडली नाही, चौघंही परत फिरलो. हे सगळं मूळ लेखात आहे, पण बर्फाच्या वर्णनाखाली दबून गेलं असेल. मला तरी त्या दिवसातला सगळ्यात चांगला निर्णय तोच वाटतो. पुढची शिखरं बघायची इच्छा मला खूप होती, आणि अजून आहे.

सुटकेचा तुमचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. वेल्समधली डोंगरी बचाव पथकं स्वयंसेवकांची आहेत. ९९९ ला फोन करून पोलिसांमार्फत त्यांना बोलवायचं, आणि ते नोकरीधंदा सोडून येतात, पैसे घेत नाहीत. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रची मंडळी रात्री-अपरात्री दरीत उतरतात हे तुम्ही जाणताच, तीच जातकुळी. त्यांच्यावर भार पडू नये म्हणून माथ्याआधी परतीची वेळ ठरवायची, नकाशा-होकायंत्र, शिट्टी, बॅटरी, जास्तीचे कपडे प्रत्येकाच्या पाठीवर ठेवायचे. आणि एक गोष्ट सांगते. या पथकांसोबत हरवलेल्या माणसांना वासावरून शोधणारी कुत्री काम करतात, त्यातली कित्येक कॉली आणि लॅब्राडोरच. त्यांच्या सरावासाठी माणसं मुद्दाम डोंगरात तासन्‌तास लपून पडून राहतात, बर्फातसुद्धा. आणि त्या कुत्र्यांना पास व्हावं लागतं अशी एक महत्त्वाची परीक्षा असते, मेंढ्यांच्या कळपातून मेंढीकडे न वळता जाण्याची. डोंगर, बर्फ आणि कुत्रा यांचं नातं तिथे हौसेपलीकडचं आहे. त्या कुत्र्यांमुळे माणसं जिवंत घरी येतात.

‘कुत्र्यांना घरी ठेवा’ याचं माझं उत्तर सरसकट हो किंवा नाही असं देता येत नाही. ट्रव्हान, क्रिब गोख अशा कातळधारांवर हिवाळ्यात कुत्रं नेणार नाही, कधीच. जिथे आपल्याला क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे काटे) आणि बर्फकुऱ्हाड लागते, तिथे कुत्र्याजवळ नुसती नखं असतात. फेब्रुवारीत पुन्हा बुल्ख अ देवाएनहूनच निघायचं ठरतंय, वारा कमी असेल तर. नेल येईल. लॅब्राडोरचं वय झालंय, तो यंदा खाली खोऱ्यात मैत्रिणीच्या आईबरोबर नदीकाठी फिरेल. त्याबाबतीत तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि मैत्रिणीलाही ते पटलं आहे.