‘८८ टक्के अपघात कामगाराच्या चुकीने’ म्हणणाऱ्यांसाठी

सुरक्षा सप्ताह जवळ आला की कारखान्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. मजकूर साधारण असा: ‘८८ टक्के अपघात कामगाराच्या चुकीने होतात, १० टक्के यंत्रामुळे आणि २ टक्के दैवाने. हेल्मेट, हातमोजे, बूट दिले की मालकाची जबाबदारी संपली. वर्षभर अपघात नाही म्हणजे कारखाना सुरक्षित. नियम मोडणाऱ्याचा पगार कापा, शिस्त आपोआप येते.’ चार वाक्यं, चारही ठाम. सगळ्यांत जास्त नुकसान पहिल्याने केलंय, म्हणून त्याचाच समाचार आधी आणि सविस्तर.

८८-१०-२ हे आकडे हर्बर्ट हाइनरिक यांचे. ते अमेरिकेत एका विमा कंपनीत होते आणि हे आकडे त्यांनी १९३१ साली छापले. सुमारे ७५ हजार अपघातांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. त्यातल्या काही विम्याच्या निकाली निघालेल्या दाव्यांच्या होत्या, बहुतेक कारखानदारांच्या दप्तरातल्या. म्हणजे कारण लिहिणारा बहुधा सुपरवायझर किंवा मालक. शिवाय प्रत्येक अपघात एकाच कारणाच्या खात्यावर टाकलेला. त्या मूळ नोंदी आज कुणाला तपासायच्या म्हटल्या तरी मिळत नाहीत. आणि गंमत म्हणजे, आकड्यांत माणसाची चूक कितीही मोठी दिसली तरी यंत्रातला धोका दूर केल्याशिवाय सुरक्षेचं काम पुरं होत नाही, हे खुद्द हाइनरिक यांनीच लिहून ठेवलंय. मेसेजमध्ये तेवढं गळालं.

आता ही ‘चूक’ जवळून पाहा. पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसवर एकाची बोटं गेली. रिपोर्टमध्ये कारणाच्या रकान्यात एक ओळ: ‘कामगाराने गार्ड काढून काम केले.’ खोटं काहीच नाही; गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं कवच, खरंच काढलेलं होतं. पण मशीनपाशी जाऊन उभं राहिलं की वेगळं दिसतं. डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, पत्र्याचा तुकडा सारखा अडकतो. तो काढायचा तर मशीन बंद करा, पान्याने गार्डचे चार बोल्ट सोडवा, तुकडा काढा, बोल्ट परत आवळा. शिफ्टचं टार्गेट मात्र तुकडा कधी अडकतच नाही असं धरून ठरवलेलं. मग कुणीतरी इंटरलॉकच्या, म्हणजे गार्ड काढलं की मशीन चालूच न देणाऱ्या, स्विचला तार बांधून टाकली. त्या तारेवर तेलाचा आणि धुळीचा थर बसलाय. म्हणजे तिन्ही पाळ्यांचे ऑपरेटर, मेंटेनन्सवाले, राउंडवर येणारा सुपरवायझर, सगळ्यांच्या नजरेखालून ती रोज गेली. दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊच नये, ही सोय कित्येक दशकं जुनी आहे. ती इथे का नव्हती, याला त्या रकान्यात जागाच नाही. ‘निष्काळजीपणा’ लिहिलं की चौकशी तिथेच संपते आणि तार उद्याही तिथेच असते.

हे विमानवाल्यांना फार आधी कळलं. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांचे काही वैमानिक सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच चाकं आत घ्यायचे आणि विमान पोटावर बसायचं. शिक्का ठरलेला: वैमानिकाची चूक. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं, तर चाकांचा आणि फ्लॅपचा (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांचा) स्विच शेजारी-शेजारी, दिसायला आणि हाताला सारखेच. एकावर छोटं रबरी चाक बसवलं, दुसऱ्यावर पाचरीसारखा तुकडा. हाताला फरक कळू लागला आणि हा गोंधळ मिटला. वैमानिक बदलावे लागले नाहीत.

फोनवर बोलत फोर्कलिफ्ट चालवणारे महाभाग असतात, नाही कोण म्हणतंय? त्यांना अडवलंच पाहिजे. पण मेसेज फक्त अपघातांबद्दल बोलतो, तीही अडचणच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२३ मधल्या अंदाजानुसार जगात कामामुळे वर्षाला सुमारे २९.३ लाख माणसं मरतात. त्यातले सुमारे २६ लाख मृत्यू आजारांनी होतात, अपघातांनी ३.३ लाख. सिलिकाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली, अ‍ॅस्बेस्टॉसने काही दशकांनी कॅन्सर झाला, यात कामगाराने कुठला नियम मोडला?

दुसरा मुद्दा, हेल्मेट-हातमोज्यांचा. सुरक्षेच्या उपायांची उतरंड ठरलेली आहे: आधी धोकाच काढून टाका, नाही जमलं तर कमी घातक वस्तू वापरा, मग गार्ड, एक्झॉस्ट, आवाजरोधक आवरण, मग कामाची पद्धत आणि प्रशिक्षण, आणि सगळ्यांत शेवटी अंगावरची साधनं. मेसेजने ही उतरंड उलटी टांगली आहे. ३० डेसिबल आवाज कमी करणारे इयरमफ घ्या. आठ तासांत फक्त अर्धा तास ते काढून ठेवले, तर दिवसभराचं संरक्षण १२ डेसिबलवर येतं; निम्मा वेळ काढले तर जेमतेम ३ उरतं. घामाने कान चिकचिकतात आणि सहकाऱ्याची हाक ऐकू येत नाही म्हणून माणूस ते काढणारच. आवाज मशीनवरच दाबला असता तर हा हिशोबच नको होता. आणि काही ठिकाणी साधनच घात करतं. ड्रिल मशीनवर हातमोजा घातला तर फिरता ड्रिल मोजा पकडतो आणि पाठोपाठ हात ओढतो. बंद टाकीत धुळीचा मास्क लावून उतरणाऱ्याला मास्क ऑक्सिजन देत नाही. बाहेरच्या हवेत तो २०.९ टक्के असतो, टाकीत किती आहे हे मोजल्याशिवाय कुणालाच उतरू देऊ नये.

‘वर्षभर अपघात नाही’ याबद्दल फार बोलायला नको. २० एप्रिल २०१० रोजी डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या रिगवर वरिष्ठ अधिकारी आले होते, कारण सात वर्षांत कामाचा दिवस बुडवणारी एकही दुखापत झाली नव्हती. त्याच रात्री स्फोट झाला आणि ११ जण गेले. पाय घसरण्याच्या घटना मोजून विहिरीतला दाब कळत नाही.

राहिला पगार कापण्याचा सल्ला. दंड लावला की अपघात घटतात ते कागदावर. बोट कापलेला माणूस फडकं गुंडाळून घरी जातो, थोडक्यात हुकलेल्या घटनेची तर कुणी वाच्यताच करत नाही, आणि पुढच्या मोठ्या अपघाताची आगाऊ खबर हुकते. हेल्मेटचे पैसे पगारातून वळते करणाऱ्यांनी श्रम संघटनेचा १९८१ चा १५५ वा करार वाचावा. सुरक्षेच्या उपायांचा खर्च कामगारावर पडता कामा नये, असं त्यात सरळ लिहिलंय. जिवावर बेतेल असं सबळ कारणाने वाटलं म्हणून जो कामावरून बाजूला होतो, त्याला त्याचा त्रास होऊ नये, हेही त्यातच आहे. तेव्हा दंडाचा तक्ता लावण्याआधी रजिस्टर उघडून एवढं बघा: गेल्या महिन्यात धोका दिसला म्हणून कुणी मशीन थांबवलं होतं का, आणि त्याच्या त्या दिवसाच्या पगाराचं काय झालं?