लिंबाखालची ड्युटी

लेकरांनी झाडावर चढलं पाहिजे, या मताचा मी कट्टर पुरस्कर्ता आहे. फक्त ते लेकरू दुसऱ्याचं असावं.

नॉर्वेच्या एलेन सँडसेटर या संशोधक बाईंनी २००७ मध्ये लेकरांच्या धाडसी खेळांचे सहा प्रकार सांगितले: उंची, वेग, हत्यारं, आग-पाण्याजवळचे उद्योग, झोंबाझोंबी आणि मोठ्यांच्या नजरेआड पसार होणं. परभणीकडच्या आमच्या शेतात उन्हाळ्याच्या सुट्टीत हे सगळे प्रकार न्याहारीआधीच उरकतात. पण थोडी भीती चाखत खेळलेल्या लेकराला स्वतःची कुवत कळते, हे वाचून मी घरात जाहीर केलं, "आता पोराला अडवायचं नाही."

"मग लिंबाखाली तुम्हीच उभं राहा," बायको म्हणाली.

राहिलो. चिरंजीव पहिल्या बेचक्यात पोचले तोवर मी शिक्षणतज्ज्ञ होतो. त्याच्या वरच्या फांदीला नुसता बाप उरलो. शेंड्याकडं सरकला तसा मनातल्या मनात तुळजाभवानीला नवस बोललो. खाली मे महिन्यातली भेगाळलेली काळी जमीन. पडायचंच झालं तर त्यातल्या त्यात मऊ जागा कुठली, ते मी हेरत होतो.

नुसतं 'सांभाळून' म्हणू नये, पोर घाबरतं आणि कळत काहीच नाही. त्यापेक्षा 'आता पाय कुठं ठेवणार?' असं विचारावं म्हणतात. विचारलं.

"बाबा, गप बसा की! माझं ध्यान हलायलंय."

पोरगं फांदीवर आधी एक पाय दाबायचं, करकरतंय का ते ऐकायचं, मगच अंगाचा भार टाकायचं. एवढी चौकशी मी घराचं कर्ज काढताना केली नव्हती.

तेवढ्यात आई आली. आता ही ओरडणार आणि माझी सुटका होणार, या आशेनं मी तिच्याकडं पाहिलं.

"आरं, ती वाळकी फांदी सोड, जाडीवर जा," ती वर बघून म्हणाली. "आन् उतरताना दातवणाला काड्या आण." मग माझ्याकडं वळली. "तुला कशाला एवढा घाम सुटलाय? तू तर शेवग्यावर चढायचास. ठिसूळ झाड ते!"

काड्या घेऊन पोरगं खाली आलं. गुडघा खरचटलेला, चेहऱ्यावर आमदारकी मिळाल्याचा आनंद. "बाबा, आता तुम्ही."

नाही म्हणायची सोय नव्हती. पहिल्याच बेचक्यात माझं पोट अडकलं. वर जाता येईना, खाली येता येईना. खाली अख्खं घर गोळा झालं आणि बायकोनं अगदी शांतपणे विचारलं,

"आता पाय कुठं ठेवणार?"