अणुबॉम्ब हरवल्यास नागरिकांनी घ्यावयाची काळजी

आपल्या गावाजवळच्या उथळ खाडीत सरकारचा एखादा अणुबॉम्ब हरवला, तर तो शोधून काढण्याचा विचार सुज्ञ नागरिकाने प्रथम मनातून काढून टाकावा. या बाबतीत अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचा किनारा अनुकरणीय आहे. ५ फेब्रुवारी १९५८ रोजी सरावाच्या उड्डाणात बी-४७ बॉम्बफेकी विमानाची एका लढाऊ विमानाशी हवेतच टक्कर झाली आणि मोडके विमान सुखरूप उतरवता यावे म्हणून वैमानिकाने सुमारे ३,४०० किलो वजनाचा मार्क-१५ बॉम्ब टायबी बेटाजवळच्या वासॉ साउंड या खाडीत सोडून दिला. वैमानिकाला दोष देता येत नाही. त्याने सहकाऱ्यांचे प्राण वाचवले. शोध १६ एप्रिलपर्यंत चालला आणि मग बॉम्ब परत मिळणे नाही, असे जाहीर झाले.

बॉम्बमध्ये प्लुटोनियमची कुपी, म्हणजे अणुस्फोटाला लागणारा गाभा, नव्हती, असे हवाई दल सांगते आणि वैमानिकाच्या सहीची पावती पुढे करते. १९६६ साली संरक्षण खात्यातून संसदीय समितीला गेलेल्या पत्रात मात्र याच बॉम्बची गणना ‘पूर्ण शस्त्रां’मध्ये केली होती. ती लिहिणाऱ्याची चूक होती, असा खुलासा पुढे आला. आपण खुलाशावर विश्वास ठेवावा, कारण तो कागद नंतरचा आहे.

२००१ सालच्या हवाई दलाच्या अहवालाचे तर पाठांतरच करावे. बॉम्ब दीड ते साडेचार मीटर गाळाखाली असावा, त्याला हात लावला नाही तर धोका नाही आणि काढायला गेल्यास आतील सुमारे १८० किलो साधी स्फोटके उडू शकतात, असे त्याचे सार आहे. म्हणजे बॉम्ब निरुपद्रवी आहे म्हणून काढण्याची गरज नाही आणि घातक आहे म्हणून काढता येत नाही. तो नेमका कुठे आहे हे ठाऊक नसताना किती खोल आहे हे कसे कळले, असे विचारणे असभ्यपणाचे ठरेल. २००४ साली एका निवृत्त हवाई अधिकाऱ्याने तेथे किरणोत्सर्ग सापडल्याचे सांगितले, तेव्हा तो वाळूतील मोनाझाइट या नैसर्गिक किरणोत्सर्गी खनिजाचा असल्याचा निर्वाळा पुढच्याच वर्षी मिळाला. मोनाझाइट केरळच्या वाळूतही असते, तेव्हा शंकेला जागा नाही.

कोणी स्पेनमधील पालोमारेसचा दाखला देईल. तेथे १९६६ साली समुद्रात पडलेला अमेरिकेचाच अणुबॉम्ब साधारण ८७० मीटर खोलीवरून सुमारे ८० दिवसांत वर काढला होता. पण तो परक्यांचा समुद्र होता, जगाचे डोळे त्याच्यावर होते आणि बॉम्ब पडताना पाहणारा एक कोळीही हजर होता. त्या कोळ्याने पुढे शोधाचा मोबदला मागितला. त्यामुळे टायबीच्या किनाऱ्यावर कोणाच्या जाळ्याला काही जड लागलेच, तर त्याने ते ओढू नये, जागेची खूण करावी आणि हवाई दलाला कळवण्याआधी वकील गाठावा.