पत्रा आणि पोटमाळा

गेल्या आठवड्यात घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धाकट्या भावाशी माझं वाजलं. नाशकातल्या जुन्या वाड्यांची छपरं उन्हाने तापू नयेत म्हणून सरकारने अनुदान द्यावं, असं आमच्या आतेबहिणीने लिहिलं होतं. हा म्हणाला, "लोकांच्या खासगी घरांवर कराचा पैसा कशाला? वाडे पाडा, बिल्डिंग बांधा." मी आमच्या इथलं, म्हणजे कॅनडातलं सांगितलं, तर म्हणे, "ताई, तुमचं सरकार श्रीमंत आहे."

याच भावाने गंगापूर रोडच्या बंगल्यावर तीन किलोवॉटचं सोलर बसवलं, तेव्हा केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतले ७८ हजार रुपये अनुदान घेतले. तो पैसा कराचा नव्हता का? वीज तयार करणाऱ्याला दिली ती मदत, आणि वीज वाचवणाऱ्याला दिली की खैरात! शिवाय सोलरला स्वतःचं छप्पर लागतं. वाड्यातल्या भाडेकरूने कुणाचा पत्रा दाखवायचा?

कॅनडातल्या हॅमिल्टनचं आमचं घर १९५६ सालचं. २०२२ मध्ये आम्ही ग्रीनर होम्स ग्रांटसाठी, म्हणजे घरातली ऊर्जा वाचवायला तिथलं केंद्र सरकार देत असे त्या अनुदानासाठी, अर्ज केला. इन्सुलेशन, खिडक्या, हीट पंप अशा कामांना मिळून ५,००० डॉलरपर्यंत, वर तपासणीचे ६०० पर्यंत. कामाआधी एक तपासणी, नंतर दुसरी, आणि ती झाल्याशिवाय पैसे नाहीत. पहिल्या तपासणीला आलेल्या माणसाने पुढच्या दारात कापडी चौकट ठोकली, तिच्यात पंखा बसवला आणि फटी कुठे आहेत ते कळावं म्हणून घरातली हवा बाहेर ओढायला सुरुवात केली. मी देवाजवळची उदबत्ती उचलून प्लगपाशी धरली, तर धूर सरळ माझ्या अंगावर आला. पोटमाळ्याच्या झाकणाखाली तर तिचं टोक लालभडक झालं. किती वर्षं आम्ही फर्नेस चालवून बाहेरचा स्नो तापवत होतो, ते त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं.

या योजनेतही खोट होतीच. आधी पदरचे घाला, मग परत मिळणार, त्यामुळे ज्याच्याकडे शिल्लक नाही तो बाहेरच राहिला. २०२४ मध्ये नवे अर्जही बंद झाले. भाऊ हेच पुढे करेल. मग आपण भाडेकरूला द्या, आधी द्या! शेजारच्या तेलंगणने २०२३ मध्ये कूल रूफचं, म्हणजे ऊन परतवणाऱ्या छपरांचं धोरण आणलंच ना? घरं कमी ऊर्जेत गार राहावीत म्हणून आपली इको निवास संहिता आहे, पण ती नव्या घरांसाठी. जुन्या नाशकातल्या माणसांनी मे महिना कसा काढायचा?

जुन्या नाशकातल्या तिवंध्याजवळच्या आमच्या वाड्यात खाली मातीच्या जाड भिंतींचा गारवा असायचा. वरच्या मजल्यावर मात्र पत्रा. बाबा दर चैत्रात चुन्यात डिंक कालवून त्यावर दोन हात मारायचे, खिडक्यांना ओलं गोणपाट लावायचे. ते गेले, मी हक्कसोडपत्रावर सही केली, आणि चुना थांबला. मागच्या मे महिन्यात गेले होते. वरच्या भाडेकरू मावशी आता उन्हाळाभर खाली ओसरीवर झोपतात. म्हणाल्या, "तुझ्या बाबांनंतर पत्र्याला कुणी हात लावला नाही गं."

मी मान हलवली आणि चहा प्यायले. चुन्याचे पैसे मी देते, हे तिथे मला सुचलंसुद्धा नाही. आठवडाभर भावाला तेवढंच लिहायला घेते आहे, आणि दर वेळी त्याच्या त्या 'तुमचं'पाशी माझा हात थांबतो.